ढोलीतली बाळंतीण

माणूस आडवा पडल्याशिवाय वर बघत नाही, असं आमचे आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. तसं म्हणायचा त्यांना हक्क होता, कारण ते उभे होते तोवर त्यांनी मान वर केली ती आभाळात ढग आहे का हे बघायला, नाहीतर बेचकीचा नेम धरायला. होले, पारवे, लाव्हे, जे जे उडतं ते ते त्यांनी भाजून खाल्लं होतं. "कावळा तेवढा सुटला, त्यो बी पितरांच्या भ्यानं," असं आई चारचौघांत सांगायची आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. असा माणूस पुढं एका पाखरासाठी अन्न सोडून बसेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर वाडीनं त्याला देवऋष्याकडं नेऊन अंगारा लावला असता.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेली. खाली रस्त्यावर भोरची एसटी सकाळी एकदा यायची. ती चुकली की अकरा नंबरची गाडी, म्हणजे आपले दोन पाय. घर लहान, पण मागं परस मोठं होतं. मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, अळूचा वाफा, शेवगा, कढीपत्ता, आणि या सगळ्यांवर सावली धरून उभा असलेला एक रायवळ आंबा. हा आंबा घराच्याही आधीचा. त्याची एक फांदी कधीतरी वादळात मोडली होती आणि मोडल्या जागी, शिडीच्याही वर, एक ढोली पडली होती. त्या परसात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो आईच्या भाकरी थापण्याचा. नाचणीची भाकरी थापली की काटवटीत एक जाड, ओला आवाज होतो, तांदळाच्या भाकरीचा तसा होत नाही. त्या आवाजावरून मी अंथरुणातच ओळखायची की आज घरात तांदूळ आहे की नाही. बहुतेक वेळा नसायचा.

आबा पडले ते माघात. आमच्याकडं भाताचं बी टाकायची जागा आधी भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. शेण, पाला, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर वाफ्यावर पसरायचे, वरून थोडी माती टाकायची, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते पेटवून द्यायचं. भाजलेल्या मातीत तण मरतं आणि रोप तरारून येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, इतकं हे सरळ आहे. त्या फांद्या तोडायला आबा ऐनाच्या झाडावर चढले होते. आयुष्यभर चढत आलेला माणूस. पायाखालची फांदी कडाडली म्हणे. मी शाळेतून आले तर चार माणसं त्यांना घोंगडीच्या झोळीतून रस्त्याकडं नेत होती आणि आई मागून अनवाणी पळत होती. भोरला टेम्पोनं नेलं, तिथून पुढं पुण्याला नेलं, आणि शिमग्याच्या सुमाराला परत घरी आणलं. कमरेखाली काही राहिलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं ते ऐकलं आणि विचारलं, "पन लावणीपतुर उभं ऱ्हातील नव्हं?" डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

घरी आल्यावर आबांनी भिंतीकडं तोंड केलं. बोलणं बंद, खाणं बंद. पेजेचं वाटगं आई तोंडाशी न्यायची आणि ते दात मिटून घ्यायचे. "म्या काय आता? पेंढ्याचा भारा. गुरं तरी खातील त्येला," एवढंच एकदा म्हणाले. गालाची हाडं वर आली. माणूस खायचं थांबला की घरात कसा वास येतो ते मला त्या दिवसांत कळलं. धाकट्या चुलत्याला आम्ही तात्या म्हणायचो, त्यांचं घर शेजारीच. ते यायचे, बाजेशी बसायचे, जमिनीकडं बघत तंबाखू मळायचे आणि उठून जायचे. एक दिवस आईनं काय केलं, मला म्हणाली, "सुमे, त्या अंगानं धर," आणि आम्ही दोघींनी आबांसकट बाज ओढत ओढत मागच्या पडवीत आणली. तिथं तीन बाजू उघड्या, चौथी भिंत उशामागं. तोंड फिरवायला भिंतच नव्हती.

तिथं पडून त्यांना वर बघावंच लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते तर मागून आवाज आला, "त्या फुटक्या परातीत पानी ठीव." मी दचकलेच. कितीतरी दिवसांनी ते आपणहून काही म्हणत होते. मोरीच्या गढूळ पाण्यावर एक बुलबुल चोच घासत होता, ते त्यांना बघवलं नव्हतं. मी परात ठेवली. बुलबुल आले, मग सातभाई आले ते भांडत भांडतच, मग दयाळ, मग एक मुंगूस, ते तर आपल्या बापाचं परस असल्यासारखं पाणी पिऊन आबांकडं बघत उभं राहिलं. शेवग्यावरनं खारी उतरायला लागल्या. एक दिवस आंब्यावर शेकरू आलं, झुपकेदार शेपटी खाली सोडून, आणि आबा मला दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नगंस." बेचकीवाला माणूस तो! मी खांबाला चिकटून उभी राहिले आणि मला रडायला यायला लागलं, कारण त्यांच्या आवाजात जीव होता.

आज माझ्या त्याच परसात पुण्याची पोरं कॅमेरे घेऊन येतात. हातभर लांब नळकांडी लावलेले कॅमेरे. "काकू, स्पॉट कुठला? लाइट कधी चांगला मिळतो?" असं विचारतात. मी त्यांना चहा देते, पाण्याची भांडी कुठं कुठं ठेवलीत ते दाखवते, मी लावलेला उंबर दाखवते. बाकीचं सांगत नाही. फोटो काढायला आलेल्या माणसाला रडगाणं ऐकवू नये.

तर चैत्रात त्या आंब्यावर धनेशाची जोडी आली. धनेश हे नाव मला पुढं पुस्तकात सापडलं. तेव्हा ती नुसती 'मोठ्या चोचीची' होती. राखी रंगाचं, घारीएवढं पाखरू, शेपटी लांब, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. मादी ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. आतून तिनं विष्ठा आणि माती लिंपून दार बंद केलं, एक उभी फट ठेवली, बोट जाईल एवढी. नर दिवसभर उंबरं गळ्यात भरून आणायचा, खोडाला बिलगून बसायचा आणि एकेक उंबर चोचीच्या टोकावर काढून त्या फटीतून तिला भरवायचा. आबांनी हे सगळं पडल्या पडल्या शोधून काढलं, कुणी सांगितलं नाही. एक दिवस मला म्हणाले, "झाडाच्या बुडाला बघ, काय दिसतंय?" पांढरी पांढरी शिंतोडी पडली होती, त्यात उंबराच्या बिया. "आत घान करत न्हाई ती. पाठ फटीकडं करून भाईर उडवती. जवर बुडाला ताजं पांढरं दिसतंय, तवर बाई जिती हाय म्हनायचं." रोज सकाळी मी झाडाखाली जाऊन बघायची आणि ओरडून सांगायची, "हाय, आबा, ताजं हाय!" खरं तर मी सांगायची गरज नव्हती. झाडाचं बूड त्यांच्या बाजेवरून तळहातावर असल्यासारखं दिसायचं. पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असायचं.

बोलत होते, बघत होते, पण अन्न मात्र अजून दोन-चार घासांच्या पुढं जात नव्हतं. अशात एक दिवस तात्या आले आणि बाजेपासून लांब, चुलीपाशी येऊन आईला म्हणाले, "वैनी, त्या पाखराची चरबी लई गुनाची असती. मेल्याली नस जिती व्हती म्हनत्यात. आन ती तर आयती कोंडून बसलीया. म्या शिडी लावतो, कोयत्यानं दार फोडतो, पाच मिंटाचं काम." आईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. आज मला त्या गोष्टीचं हसू येत नाही आणि आईचा रागही येत नाही. जिच्या नवऱ्याचे पाय गेलेत तिला कुणी दगड दळून लाव म्हटलं तर ती तो दळेल. ती उठली, कोनाड्यातला कोयता घेतला आणि तात्यांच्या मागोमाग पडवीत आली.

आबांनी कोयता पाहिला, शिडी पाहिली. "काय चाललंय?"

"तुमचं पाय येतील," आई म्हणाली. "तात्या म्हंत्यात. एक पाखरू तर हाय. जन्मभर मारलीसा, आज एक मारलं तर काय आभाळ कोसळंल?"

"बाळंतीन हाय ती."

"आन म्या? म्या कोन हाय?" आई एवढ्या मोठ्यानं ओरडली की केळीवरचे सातभाई उडाले. "म्या काय करू, सांगा ना! एक पोर, एक पडलेला मानूस, आन रान पडून हाय. कुनाकुनाला भरवू?"

आबांनी कोपरावर रेटा देऊन, होता नव्हता तेवढा जोर लावून मान वर केली. "ऐक. त्यो गडी असून बायकूला भरवतोय. हितं उलटं झालंय, तू मला भरवतीस. मला लाज वाटती, म्हनून घास उतरत न्हाई. पन त्यानं तिला भरवलं की म्या तुझ्या हातचं खाईन. त्येची शपथ. आन तिला कुनी हात लावला, का ती मेली, तर म्या फुडं अन्नाला शिवनार न्हाई. ही बी शपथ."

आमच्या आबांची शपथ ही काय चीज होती ते सांगायला हवं. एकदा भावकीच्या भांडणात त्यांनी तंबाखू सोडायची शपथ घेतली होती, ती त्यांनी मरेपर्यंत पाळली, आणि ज्याच्याशी भांडले तो भाऊ रोज त्यांच्यासमोर बसून तंबाखू मळायचा. आईला हे ठाऊक होतं. तिनं कोयता खाली ठेवला. तात्यांनी शिडी उचलली, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भावजी. लागंल."

त्या दिवसापासून आमच्या घरातलं जेवण नराच्या येण्यावर लागलं. लांबून त्याचा किंचाळल्यासारखा आवाज आला की आई जिथं असेल तिथून धावत यायची, पेजेचं वाटगं नाहीतर हुलग्याच्या माडग्यात कुस्करलेली भाकरी घेऊन बाजेशी बसायची. वर त्यानं एक उंबर दिलं की खाली तिनं एक घास द्यायचा. "घ्या. तिनं घेतलं, आता तुमी." आबा घ्यायचे. कधी नर घाईत असला तर आईही घाई करायची आणि आबांना ठसका लागायचा. एकदा त्यानं भलामोठा सरडा आणला, तर आई म्हणाली, "एवढं मटन माझ्या घरात न्हाई, पिठल्यावर भागवा." आबा हसले. खरंच हसले. त्यांच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं, आणि आईनं परसातल्या देवाच्या दगडाला हळद वाहिली, आणि थोडी त्या आंब्याच्या खोडालाही.

वैशाख लागला. सगळ्यांचे राब भाजून होत आले, आईनं रचलेला आमचा तसाच पडून. राब पेटवायचं काम गड्याचं. तो पेटवायचा दिवस कलताना, वारा पडल्यावर, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे विस्तव वाऱ्याशी भांडत भांडत हळूहळू सरकतो आणि माती नीट भाजते. तात्या आज करतो, उद्या करतो म्हणत होते. मग त्यांना भाटघरकडं मेहुण्याच्या लग्नाला जावं लागलं. त्याच दुपारी डोंगरामागून काळं आलं. वळीव पडला असता तर सगळा राब भिजला असता, आणि भिजलेला राब पेटत नाही. वर्षाचं भात त्या एका ढगाखाली होतं. आईनं वाट बघितली, पुन्हा आभाळ बघितलं, आणि चुलीतलं जळतं लाकूड घेऊन शेतात गेली. मी तिच्या मागं पाण्याची कळशी घेऊन. तिनं जन्मात राब पेटवला नव्हता. रचला होता, भाजलेला बघितला होता, पण पेटवताना बायका लांब असायच्या. तिनं वाटेकडच्या, म्हणजे जवळच्या बाजूला लाकूड लावलं. वारा त्याच बाजूनं होता.

विस्तव चालला नाही, पळाला. राबावरून उडी मारून बांधावरच्या वाळल्या गवतात गेला, तिथून डोंगरात. आई ओल्या पोत्यानं झोडत होती, मी कळशी ओतली, ती कुठं पुरणार! वाडी धावून आली. बायका-पोरांनी हिरवे डहाळे तोडून झोडलं, पण वारा वरच्या दिशेनं होता आणि डोंगर वर्षभराचा वाळलेला. घरं वाचली. वरची ओघळ, म्हणजे डोंगरातली झाडीची घळ, गेली. त्या ओघळीत तीन जुने उंबर होते, पायर होता, करवंदीच्या जाळ्या होत्या. नर तिथूनच चारा आणायचा. वळीव मात्र पडलाच नाही, काळं आलं तसं निघून गेलं. संध्याकाळी आई घरी आली, तिच्या भुवया जळल्या होत्या आणि हाताला फोड होते. आबांनी पडवीतून सगळा डोंगर जळताना पाहिला होता. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "उंबर ग्येलं." आबा तिला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला पुढं कितीदा तरी म्हणाली.

नर त्यानंतर काही दिवस आला. उशिरा यायचा, कमी आणायचा. एकदा तर रिकामाच आला, फटीशी चोच नेली, आतली चोच बाहेर आली, आणि दोघं नुसती चोचीला चोच लावून बसली. त्या दिवशी आबांनी घास घेतला नाही. मग एक दिवस नर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो लांब गेला, मेला, कुणी मारला, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. फटीतून मादीची चोच मधूनमधून दिसायची आणि आत जायची. आबांनी पाणीसुद्धा नको म्हटलं. आईनं हाता-पाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं. "शपत मोडा की वो, देवाला म्या सांगंन," म्हणाली. आबा डोळे मिटून पडले. त्यांचे ओठ सुकून फाटले होते आणि त्यावर माशा बसत होत्या, त्या मी वारत होते. तो मरणार हे मला त्या दुपारी स्वच्छ दिसलं. आबांना मी मनातसुद्धा कधी 'तो' म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं, कारण बाजेवरचं ते कुणीतरी दुसरंच वाटत होतं.

आई उठली. मला म्हणाली, "नदीवरच्या उंबराची फळं आन. पिकल्याली." मी ओटी भरून आणली. तोवर तिनं बांबूची फोक चिरून चिमट्यासारखी केली होती आणि शिडी आंब्याला लावली होती. शिडी ढोलीपर्यंत पुरत नव्हती, वर फांदीवरून जावं लागणार होतं. कासोट्याला फळांची पुरचुंडी बांधून ती चढायला लागली, आणि आबांनी डोळे उघडले.

"खाली उतर," ते म्हणाले. आवाज निघत नव्हता. "अगं, खाली उतर. म्या असाच पडलो. फांदी दिसती तशी नसती."

आई चढतच होती. त्यांनी दोन्ही हातांनी बाजेच्या कडेची लाकडं धरली आणि ते उठायला बघत होते, कमरेखालचं मढं ओढून उठायला बघत होते, आणि मी शिडी धरू की त्यांना धरू ते मला कळेना. वर आई फांदीवर पालथी झाली, पोटावर सरकली, चिमट्यात उंबर धरून फटीशी नेलं. मग ती एकदम ओरडली.

"चावली!" ती ओरडत होती. "चावली गं बया! बोटच धरलं!" आणि ती हसत होती. मागच्या काही महिन्यांतला तिचा पहिला हसण्याचा आवाज मी त्या झाडावरून ऐकला. "घेतलं! अवं, घेतलं तिनं!"

आबांनी त्या दिवशी पाणी घेतलं आणि चार घास पेज घेतली. आईच्या बोटातून रक्त येत होतं, त्याच हातानं तिनं भरवलं.

पुढं रोज सकाळ-संध्याकाळ आई चढायची. मी पहाटे नदीवरून उंबरं आणायची, गवतातले नाकतोडे पकडून चिंधीत बांधायची. ती वर जायची, आबा बाज धरून श्वास रोखायचे, वरून आवाज यायचा, "घेतलं." मग ती उतरायची, हात धुऊन घास द्यायची. वाडीतल्या बायका कुंपणाशी येऊन बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या. हिला वेड लागलं असं त्या म्हणायच्या आणि मला ते खरं वाटायचं. दिवसाचं सगळं शेतातलं काम करून, अर्धवट भाजलेल्या राबात नवीन पाला टाकून तो पुन्हा भाजायच्या खटपटीत, ती हे दोन वेळा करत होती. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या. एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं, दात वाजत होते.

"सुमे," ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. येक दिस ऱ्हाऊ दे. तू चढू नगंस."

"मग आबा खायचं न्हाईत."

"म्हनावं, आईनं रातीच दिऊन ठेवलंय. कायबी सांग. पन तू चढू नगंस, माझी आन हाय तुला."

मला वाटलं, तिला मी पडेन याची भीती वाटते. मी आण मोडली. पुरचुंडी बांधली आणि चढले. आबा खालून एकच म्हणाले, "उजव्या अंगाची फांदी धर. डावी वाळल्याली हाय." मी पोटावर सरकत ढोलीपाशी गेले. जवळ गेल्यावर आधी वास आला. मग मुंग्या दिसल्या. फटीतून आत जाणारी एक रांग आणि बाहेर येणारी एक. फटीच्या तोंडाशी उंबरं अडकली होती, एकावर एक, खालची काळी पडून पाणी झालेली, वरची कालची, अजून लाल. माझे नाकतोडे होते, चिमट्यानं एकेक आत सारलेले, सुकलेले. मी चिमट्यानं ती उंबरं बाजूला केली. फटीला डोळा लावून आत बघितलं. काय दिसलं ते मी लिहीत नाही. ती मेली होती, आणि आज-काल नव्हे, कधीचीच. आई कितीतरी वेळा या फांदीवर पालथी पडली होती, हा वास घेऊन इथं उंबरं ठेवली होती, आणि तोंड वळवून खाली ओरडली होती.

मी तिथं किती वेळ पडून होते ठाऊक नाही. फांदीला मिठी मारली होती आणि हात सुटत नव्हते.

"सुमे," खालून आवाज आला. "घेतलं का?"

मी आणलेली उंबरं फटीत सारली. सगळी. मग मान वळवून ओरडले, "घेतलं, आबा."

कशी उतरले आठवत नाही. हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, पेजेचं वाटगं आणलं. बाजेशी बसताना माझी नजर सहज झाडाच्या बुडाकडं गेली, रोजच्या सवयीनं. कितीतरी दिवसांत मी तिथं बघितलंच नव्हतं. नदीवर जाण्याच्या आणि नाकतोडे धरण्याच्या गडबडीत विसरूनच गेले होते. बूड कोरडं होतं. जुनी शिंतोडी ऊन खाऊन भुकटी झाली होती, वाऱ्यानं निम्मी उडून गेली होती. ताजं काही नव्हतं. मी वळून आबांकडं बघितलं. तेही तिथंच बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर, सरळ, दुसरं काही नव्हतंच बघायला.

मी वाटगं खाली ठेवायला लागले. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात तेवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुझ्या आईला बोलू नगंस," ते म्हणाले. "मला ह्ये कवापासनं दिसतंय. त्ये तिला कळलं तर ती मोडंल."

मग त्यांनी मान थोडी वर केली आणि तोंड उघडलं.